विशीतला रक्तदाब आणि भिंतीवरचा तक्ता

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे निम्न तेरणा धरणाला लागून असलेले गाव. १९९३ च्या भूकंपाच्या बातम्यांत किल्लारी, सास्तूर या नावांबरोबर ते अनेक वाचकांच्या नजरेखालून गेले असेल. या परिसरातील काही शिक्षकांनी शाळेत आरोग्यशिक्षणासाठी जमवलेले साहित्य आमच्याकडे पाठवले आणि 'यातले विज्ञानाला धरून किती?' असे विचारले. साहित्य थोडेच आहे. रक्तदाबावरचा एक रंगीत तक्ता, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांमधली दहा-बारा कात्रणे, आणि शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला मोफत तपासणी शिबिरात मिळालेले कार्ड. कार्डावरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आहे, हे उत्तम केले. मुलगा तेवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. कार्डावर लिहिले आहे: '१४८/९२. गोळी १५ दिवस. मीठ कमी. टेन्शन घेऊ नये.' शिक्षकांच्या चिठ्ठीवरून कळते, की मुलाने पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, त्या संपल्या, आणि 'बीपीचा कोर्स पूर्ण झाला' असे तो आता सर्वांना सांगतो.

एकेक वस्तू तपासण्याआधी मुख्य तक्रार सांगून टाकतो. हे सारे साहित्य पन्नाशीच्या माणसासाठी तयार झालेले आहे. तक्त्यावरच्या चित्रातील गृहस्थांना टक्कल पडले आहे, पोट सुटले आहे, आणि ते छातीला हात लावून आरामखुर्चीत बसले आहेत. रोज पहाटे पाच किलोमीटर धावणाऱ्या मुलाने त्या चित्रात स्वतःला कोठे पाहावे? आणि हा दोष एकट्या चित्रकाराचा नाही. सरकारी कार्यक्रमात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन माहितीचे फॉर्म भरतात, ते तीस वर्षांवरील माणसांचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये भारताविषयी जे आकडे दिले, तेही ३० ते ७९ या वयोगटाचे आहेत: सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब; त्यांतील ३७ टक्क्यांना तो असल्याचे ठाऊक, ३० टक्के उपचार घेणारे, आणि रक्तदाब ताब्यात असलेले अवघे १५ टक्के. मोजणीच तिशीपासून सुरू होते. त्यामुळे विशीतला माणूस रुग्णांच्या संख्येत येत नाही आणि निरोगी म्हणून तपासलाही जात नाही. त्याचा रक्तदाब कळतो तो योगायोगाने: भरतीच्या वैद्यकीय तपासणीत, बाळंतपणात, नाहीतर अशा एखाद्या शिबिरात.

आता शब्द पाहू. आपल्याकडे 'त्याला बीपी आहे' असे म्हणतात. बीपी म्हणजे रक्तदाब, आणि तो तर प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. ही बोलण्यातली ढिलाई चालून जाईल. 'टेन्शन'चे मात्र तसे नाही. या रोगाच्या इंग्रजी नावात 'टेन्शन' हा शब्द आहे. जुन्या वैद्यकीय भाषेत त्याचा अर्थ धमनीतला ताण, म्हणजे रक्ताने धमनीच्या भिंतीवर दिलेला दाब, एवढाच होता. मनाच्या ताणाशी त्याचा संबंध नव्हता. आपण मात्र तो शब्द मनाशी जोडला. त्यातून 'मला कसलेही टेन्शन नाही, मग मला बीपी कशाने?' हा युक्तिवाद निघतो, आणि तेविशीच्या मुलाला तो सहज पटतो. राग, भीती, धावपळ यांनी रक्तदाब तात्पुरता चढतो हे खरे आहे. तो उतरतोही. कायम चढलेला रक्तदाब असणारी बहुसंख्य माणसे शांत असतात, त्यांचे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. तक्त्यावर 'लक्षणे' या मथळ्याखाली डोकेदुखी, चक्कर आणि घाम असे तीन शब्द लाल अक्षरांत दिले आहेत. ते काढून तेथे 'बहुधा कोणतेही लक्षण नसते' असे एक वाक्य छापले असते तर तक्ता निम्मा सुधारला असता.

तक्त्याच्या मधोमध मोठ्या आकड्यांत '१२०/८० = निरोगी' असे लिहिले आहे, आणि बाजूला '१४०/९० = रोग'. विद्यार्थी हे उत्तीर्ण-अनुत्तीर्णासारखे वाचतात. १३८ ला सुटलो, १४१ ला सापडलो. या प्रश्नावर इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात मोठा वाद झाला होता. रॉबर्ट प्लॅट यांचे म्हणणे असे, की उच्च रक्तदाब हा वेगळा रोग आहे. माणसे दोन गटांत पडतात, ज्यांना तो आहे आणि ज्यांना नाही. जॉर्ज पिकरिंग म्हणत, की असे दोन गट नाहीतच. लोकांचे रक्तदाब मोजून आलेख काढला तर उंचीच्या आलेखासारखी एकच टेकडी मिळते, आणि त्या टेकडीवर रेघ कोठे मारायची हे आपण सोयीने ठरवतो. पुढच्या काळातील अभ्यासांनी पिकरिंग यांची बाजू बळकट केली. २००२ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा दिसले की ४० ते ६९ या वयात वरचा दाब २० मिलिमीटरने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. ही चढण ११५/७५ इतक्या खालच्या पातळीपासून सुरू होते. वाटेत कोठेही पायरी नाही.

मग १४० ही रेघ कशासाठी? डॉक्टरला कोठेतरी 'आता उपचार करू' असे म्हणावे लागते म्हणून. ही रेघ हलतेही. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली आणि तेथील उच्च रक्तदाबाच्या प्रौढांचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. त्या रात्री कोणाच्याही धमनीत काही बदलले नव्हते. आपल्या सरकारी कार्यक्रमात १४०/९० हीच रेघ चालते, आणि मर्यादित औषधे व मर्यादित डॉक्टर पाहता ती आम्हाला योग्य वाटते. फक्त ती व्यवहाराची रेघ आहे, निसर्गाने मारलेली नव्हे, हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायला हवे. उत्तीर्णतेचे ३५ गुण कोणी निसर्गात शोधले नाहीत. मुलांना एवढा दाखला पुरे.

तरुणांच्या बाबतीत या रेघेचा आणखी एक घोटाळा होतो. वरचे आकडे चाळिशीपुढचे आहेत. विशी-तिशीतल्यांचे काय? अमेरिकेत १९८५-८६ मध्ये चार शहरांतील १८ ते ३० वर्षांच्या सुमारे पाच हजार तरुणांची नोंद करून एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. २०१८ मध्ये त्याचा एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आत ज्यांचा रक्तदाब १३० ते १३९ किंवा ८० ते ८९ मध्ये होता, त्यांना पुढच्या सुमारे १९ वर्षांत हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका सामान्य रक्तदाबाच्या सोबत्यांच्या पावणेदोन पट होता. १४०/९० किंवा त्यावर असणाऱ्यांना साडेतीन पट. हे 'पट' वाचून घाबरण्याआधी एक लक्षात घ्यावे. तरुणांत असे प्रसंग मुळातच थोडे घडतात. थोड्याची साडेतीन पट म्हणजे काही मोठा ढीग होत नाही. वर्तमानपत्री मथळ्यांत पट सांगतात आणि मूळ आकडा सांगत नाहीत. कात्रणांपैकी तिघांत हाच प्रकार आहे. दुसरी बाजू अशी, की तेविशीच्या मुलापुढे आणखी पन्नास वर्षे आहेत. धमन्यांवरचा दाब साचत जाणाऱ्या व्याजासारखा असतो. पन्नाशीत सुरू झालेल्या रक्तदाबाला वीस वर्षे मिळतात, विशीतल्याला दुपटीहून जास्त.

आता कार्डावरचा तो आकडा, १४८/९२. तो खरा आहे का? आमच्या मते या साहित्यातला सर्वांत दुबळा भाग हाच. कार्डावर एकच आकडा आहे. कोणत्या हाताचा, बसवून की उभ्याने, किती वाजता, किती वेळ विश्रांतीनंतर, यातले काहीही नाही. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात लोलकाचा आवर्तकाल एकदाच मोजून वही दाखवणाऱ्या मुलाला आपण परत पाठवतो. येथे एका वाचनावर एका तरुणाला रोगी ठरवून औषध दिले आहे.

रक्तदाब मोजण्याचा इतिहास मुलांना जरूर सांगावा, कारण तो चुकांनीच भरलेला आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मगुरूने घोडीला जमिनीवर बांधून तिच्या धमनीत नळी घातली आणि काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढलेले पाहिले. १७३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पाऱ्यात रूपांतर केले तर हा दाब सुमारे १९५ मिलिमीटर होतो. बांधून पाडलेल्या, घाबरलेल्या घोडीचा दाब तो. शांत उभ्या घोडीचा नव्हे. शिबिराच्या रांगेत, ओळखीच्या चार लोकांसमोर पहिल्यांदा बाही वर करणाऱ्या मुलाचेही थोडेफार तसेच असते. इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची सोय काढली, पण त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि त्यामुळे आकडे वाजवीपेक्षा जास्त येत. १९०१ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी पट्टा रुंद करून ही चूक दुरुस्त केली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी धमनीचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब मोजण्याची रीत दिली. तीच अजून चालते. पारा विषारी असल्याने पाऱ्याची यंत्रे आता मागे पडत आहेत, आणि विजेरीवरची यंत्रे आवाज न ऐकता पट्ट्यातील हवेच्या कंपनांवरून हिशेब करतात.

रेक्लिंगहाउझेन यांनी दुरुस्त केलेली चूक मात्र आपण रोज नव्याने करतो. नेहमीचा पट्टा सुमारे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जोर-बैठका आणि दंडाचे व्यायाम करणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा दंड याहून जाड असू शकतो. त्याला नेहमीचा पट्टा अपुरा पडतो आणि आकडा फुगतो. हात खाली लोंबत असेल तर आणखी वाढ. हे गणित वर्गात करता येते. रक्ताची घनता पाण्याहून किंचित जास्त, पाऱ्याची पाण्याच्या १३.६ पट. हृदयाच्या पातळीपेक्षा दंड १० सेंटिमीटर खाली असेल तर १०० मिलिमीटर रक्ताचा स्तंभ वाढला, म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ ८ मिलिमीटर. नुकताच घेतलेला चहा, तोंडातली तंबाखू, भरलेले मूत्राशय, मोजताना चाललेले बोलणे, पाठीला आधार नसणे, यांतले प्रत्येक काही मिलिमीटर टाकते आणि तेही सहसा वरच्याच बाजूला. १४८ मधले किती खरे आणि किती यातले, हे कार्डावरून कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय उंच, सडपातळ तरुणांच्या धमन्या लवचीक असतात आणि नाडीची लाट हृदयाकडून दंडाकडे येताना उंचावते. त्यामुळे केवळ वरचा आकडा जास्त आणि खालचा नेहमीचा, असे त्यांच्यात पुष्कळदा दिसते. याला रोग म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही. या मुलाचा खालचाही आकडा ९२ आहे, म्हणून हे कारण त्याला सरळ लागू होत नाही.

करायला हवे होते ते असे. पाच मिनिटे गप्प बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवून, योग्य मापाच्या पट्ट्याने दोन-तीनदा मोजायचे. पहिल्या खेपेस दोन्ही हातांवर. मग वेगळ्या दिवशी पुन्हा. जमल्यास घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी काढायची. घरच्या सरासरीसाठी रेघ १३५/८५ धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. याउलटही घडते. दवाखान्यात ठीक आणि घरी, कामावर वाढलेला, असे तरुण असतात, आणि त्यांना कोणतेच शिबिर पकडू शकत नाही.

शाळेत यावर चांगला उपक्रम होईल. एक यंत्र आणि दोन मापांचे पट्टे आणून शिक्षकांनी आणि स्वेच्छेने पुढे येणाऱ्या पालकांनी आपला रक्तदाब एकाच बैठकीत पाच वेळा मोजावा, आकडे आलेखावर मांडावेत. पहिले वाचन आणि पाचवे वाचन यांतला फरक पाहून मुले जे शिकतील ते तक्त्याने शिकवता येणार नाही. विद्यार्थ्यांचे रक्तदाब मोजून फळ्यावर लिहू नयेत. अठराच्या आतील मुलांचे निकष वय आणि उंचीप्रमाणे बदलतात, आणि कोणाचा आकडा चारचौघांत सांगणे तसेही योग्य नव्हे.

समजा, आठवडाभर मोजूनही या मुलाचा आकडा १४८/९२ च्या आसपासच राहिला. मग पन्नाशीच्या माणसाला सहसा न विचारला जाणारा प्रश्न याला आधी विचारायचा: का? उतारवयातल्या रक्तदाबाला बहुधा एक ठळक कारण सापडत नाही. वय, वजन, मीठ, आनुवंशिकता यांचे मिश्रण असते. विशीत मात्र एखादे ठरावीक कारण निघण्याची शक्यता जास्त असते. मूत्रपिंडाचा जुना आजार, मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद असणे, महाधमनीत जन्मजात चिंचोळी जागा, अधिवृक्क ग्रंथीतून संप्रेरकाचा अतिरेकी स्राव. यातली काही कारणे दुरुस्त करता येतात. पहिल्या चाचण्या स्वस्त आहेत: लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि हाताची व मांडीची नाडी एकाच वेळी चाचपणे. शेवटच्या तपासणीला तर पैसाही लागत नाही. कार्डावर यातल्या एकाचीही नोंद नाही.

आणि औषधांचा इतिहास. भरतीच्या मैदानावर नडगी दुखते म्हणून मुले वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे खातात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वर्गातील गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढवतात. ताकदीच्या नावाखाली घेतलेले स्टेरॉइड, व्यायामाआधी घ्यायची भरपूर कॅफिनवाली पूड, सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या, यांचाही परिणाम तोच. 'काही औषध घेतोस का?' या प्रश्नाला मुलगा नाही म्हणेल, कारण यातले काहीच तो औषध समजत नाही. नावे घेऊन विचारावे लागते. हे काम डॉक्टरपेक्षा क्रीडाशिक्षक चांगले करू शकतो, असे आम्हाला वाटते.

कात्रणांकडे वळतो. त्यांतला मिठाविषयीचा सल्ला मुळात बरोबर आहे. बिघडतो तो तपशिलात. 'वरून मीठ घेऊ नका' असे सगळ्यांनी लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, पण ५ ग्रॅम म्हणजे घरात किती, हे एकाही कात्रणात नाही. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. पाच माणसांच्या घरात १ किलोचा पुडा ५ ग्रॅमच्या हिशेबाने ४० दिवस पुरायला हवा. वीस दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम झाले. लोणच्याला आणि जनावरांना गेलेले वजा करावे. फरसाण, पाकिटातले पदार्थ, खारे दाणे यांतून आलेले मिळवावे. विद्यार्थ्यांनी पुड्यावर तारीख लिहून महिनाभर हे पाहावे. आपल्या भागाची एक जमेची बाजू आहे: ज्वारीच्या भाकरीत सहसा मीठ नसते. मीठ असते ते ठेच्यात, शेंगदाण्याच्या चटणीत, पापडात. भाकरीची जागा पाव, खारी आणि बिस्किटांनी घेतली की ही बाजू जाते.

एका कात्रणात 'साधे मीठ सोडून सैंधव वापरा' असा सल्ला आहे. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. क्लोराइडबरोबर जोडलेल्या सोडियमचे वजन २३/५८.५, म्हणजे सुमारे ३९ टक्के. दगड गुलाबी असला म्हणून हे प्रमाण फारसे बदलत नाही. शिवाय सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते. याहून वेगळी गोष्ट म्हणजे थोडे सोडियम काढून पोटॅशियम घातलेले मीठ. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे त्याचा प्रयोग झाला. मीठ होते ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने असे मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि विशीतल्या रक्तदाबात तो आजार असण्याची शक्यता आपण नुकतीच पाहिली.

मिठाबद्दल एक गोष्ट कोणत्याच कात्रणात नाही, आणि ती खेड्यात सर्वांत जास्त लागू आहे. थकवा आला, 'बीपी लो झाला', की सलाईनची बाटली लावून घ्यायची पद्धत आहे. नेहमीच्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असते. ५०० मिलिलीटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला ते जीवदान आहे. धावून दमलेल्या, चांगले खाता-पिता येणाऱ्या मुलाला ते अर्ध्या तासात शिरेतून दिलेले दिवसभराचे मीठ आहे, पैसे मोजून घेतलेले.

दुसऱ्या एका कात्रणाचा मथळा 'वनौषधींनी बीपी मुळापासून बरा' असा आहे. त्यात सर्पगंधेचे नाव आहे, पण तिची खरी हकीकत नाही, आणि ती मुंबईतली आहे. १९४० च्या दशकात उच्च रक्तदाबावर जगात कोठेही चालण्याजोगे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला. वाढलेला रक्तदाब त्यांना कित्येक वर्षे होता, तो डॉक्टरांना माहीतही होता, आणि ते फारसे काही करू शकत नव्हते. १९४९ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा अनुभव ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याने जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे वनस्पतीत औषध होते, याबद्दल शंका नाही. पण वकील यांनी दावा केला नाही. मोजले, नोंदले आणि इतरांना तपासू दिले. पुढे रेसर्पिनमुळे काही रुग्णांना उदासी येते, नाक चोंदते, हेही तसेच मोजून कळले आणि इतर चांगली औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. वनस्पतीतले औषध म्हणून दुष्परिणाम नाहीत, असे सांगणाऱ्या कात्रणाला सर्पगंधेचाच इतिहास खोटे पाडतो. आणि 'मुळापासून बरा' हे तर सर्पगंधेनेही केले नव्हते. गोळी थांबली की रक्तदाब पुन्हा वाढे.

येथून आपण कार्डावरच्या 'गोळी १५ दिवस' या शब्दांवर येतो. गोळीचे नावही नाही. समजा ती अम्लोडिपीन होती. सरकारी उपचारक्रमात सुरुवात बहुधा तिनेच होते. धमनीच्या भिंतीतील स्नायूंत कॅल्शियम शिरू न देऊन ती स्नायू सैल ठेवते. जोवर रक्तात आहे तोवर. तिचा अर्धायुकाल सुमारे ४० तास, त्यामुळे रोज एक गोळी घेतली तर रक्तातील पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो, आणि खरा परिणाम पाहायला दोन-चार आठवडे. गोळ्या थांबल्यावर दहा दिवसांनी सहा अर्धायुकाल झालेले असतात. उरते चौसष्टावा भाग. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या धड्यातले गणित तेच येथे आहे. जंतूंवरच्या औषधाचा कोर्स असतो, कारण जंतू मेले की काम संपते. येथे मारायला कोणी नाही. मुलाला हा फरक कोणी सांगितला नाही, म्हणून त्याने तापाच्या गोळ्यांचे माहीत असलेले गणित लावले. त्याच्या जागी आपणही तेच केले असते.

गोळी सुरू करायचीच होती का, यावर दोन मते आहेत. एक गट म्हणतो, की इतर धोके नसलेल्या तरुणाला आधी तीन महिने मीठ, वजन, व्यायाम, तंबाखू-दारू यांवर काम करू द्यावे. दुसरा म्हणतो, की १४०/९० पक्के झाले की वाट पाहू नये. आम्ही पहिल्या मताकडे झुकतो, पण अट एकच: तीन महिन्यांनी पुन्हा मोजले जाणार असेल तरच. जेथे पुन्हा कोणी मोजणार नाही तेथे दोन्ही मते सारखीच निरुपयोगी. पुन्हा मोजणे जमू शकते, हे महाराष्ट्रात दिसले आहे. २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात आपल्याकडील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात नवे औषध काही नव्हते. ठरलेला एकच उपचारक्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रात त्या मिळण्याची सोय, आणि कोण आला नाही याची यादी. ही यादीच मोठी. माकणीच्या बाजूची मुले भरतीसाठी, कंपनीच्या कामासाठी पुण्याला जातात, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात. शिबिराच्या कार्डाची मागची बाजू कोरी आहे. तीवर तारीख, वेळ, हात, आकडा आणि गोळीचे नाव असे पाच रकाने आखले असते तर मुलगा ते घेऊन कोणत्याही गावच्या आरोग्य केंद्रात जाऊ शकला असता.

शेवटी, या साहित्यात जी मुळीच नाही तिच्याविषयी. तक्त्यावर बाई नाही. कात्रणांत आहे ती कमी मिठाची भाजी करणारी. विशी-तिशीतल्या स्त्रीचा रक्तदाब अनेकदा पहिल्यांदा गरोदरपणातच मोजला जातो, आणि तेथे तो वाढला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ असते. बाळंतपणानंतर बहुतेकींचा रक्तदाब खाली येतो, घरचे 'सुटलो' म्हणतात आणि विषय संपतो. अशा स्त्रियांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यांनी दरवर्षी मोजायला हवे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. संततिनियमनाच्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, म्हणून त्या सुरू करण्याआधी आणि नंतरही तो पाहावा लागतो. आणि आधीपासून रक्तदाबाची गोळी घेणारी तरुणी असेल तर तिला गोळीचे नाव माहीत असणे फारच महत्त्वाचे. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या वर्गांतील गोळ्या गर्भाला अपाय करतात. दिवस जाण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांना सांगून त्या बदलून घ्याव्या लागतात. पाळी चुकल्यावर आठ-दहा आठवड्यांनी सांगणे उशिराचे ठरते. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावर नर्सबाईंना यातले काही कळणार नाही. पाकिटाची नाव असलेली कड न फाडता गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढायच्या, ही सवय अकरावी-बारावीच्या मुलींना वर्गात दहा मिनिटांत लावता येईल.